आभारी माणसाचं कंपाउंड

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी.
आजपासून कृतज्ञता. आधीची सगळी व्रतं (कोमट पाणी, प्राणायाम, संस्कृत) रद्द. ती फार व्यक्तिगत होती. हे व्रत समाजासाठी आहे.

कोर्सचं नाव 'कृतज्ञतेतून न्यायाकडे'. ऑनलाइन. पुण्याच्या सावनी मॅडम घेतात. त्यांचं म्हणणं असं की आजच्या दुभंगलेल्या काळात नुसतं संतापून न्याय येत नाही. आधी आभार मानायचे. मग ज्यांच्यामुळे आपलं बरं चाललंय त्यांचं कसं चाललंय ते बघायचं. मग कृती. मला हे पूर्वीपासून माहीत होतं, कोणी विचारलं नव्हतं इतकंच. कोर्स पुरा केला की फॅसिलिटेटर होता येतं. रत्नागिरीत अजून एकही नाही. चिपळुणात एक आहे, पण ते चिपळूण.

गरज सांगायलाच नको. मांडवीला सकाळी फिरणारा आमचा ग्रुप निवडणुकीपासून फुटला. आता अर्धे जेट्टीकडून निघतात, अर्धे उलट्या बाजूनं, आणि मधे गाठ पडली की दोघेही समुद्राकडे बघतात. राजाभाऊ माझा शाळेपासूनचा मित्र, रिटायर्ड इंजिनियर. पहाटे उठून अनोळखी माणसांना देशद्रोही ठरवतो आणि मग नाचणीची आंबील पितो. पलीकडचे त्याहून थोर. अक्कल दोन्हीकडे सारखीच, फॉरवर्ड तेवढे वेगळे. मी दोन्ही व्हॉट्सअॅप ग्रुपांवर आहे. कुणीतरी पूल व्हायला हवं.

संकल्प: रोज आभार लिहिणे. त्यातून कृती.
आजचे आभार: समुद्र. सूर्य. विमा कंपनीची व्हीआरएस.

२ डिसेंबर, मंगळवार.
विमला कामाला उशिरा आली. आभाराच्या दुसऱ्याच दिवशी चिडावं लागलं.

कारण नेहमीचं. ही राहते आमच्या बागेखालच्या वाडीत. पूर्वी वाडीतली सगळी माणसं आमच्या आंब्याच्या कलमांतून वर रस्त्याला यायची. वडिलांच्या वेळेपासून. वडिलांना कुणाला नाही म्हणता यायचं नाही, त्याला लोक मोठेपणा म्हणायचे. गेल्या पावसाआधी मी बागेला चिऱ्याचं कंपाउंड घातलं. चोऱ्या होत होत्या. (मालिनीच्या मते पोरं पडलेले आंबे उचलत होती. मालिनी माझी बायको आहे, वकील त्यांची.) खालच्या अंगाला विहिरीजवळ एक लोखंडी दार ठेवलंय, पंपाच्या कामासाठी. त्याला कुलूप. वाडीनं आता पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठानं, त्यावरच्या मोरीवरून वळसा घालायचा. चालणं आरोग्याला चांगलंच.

आज विमलाच्या सासूचं, गोदूबाईचं, डायलिसिस. मंगळवार आणि शुक्रवार. रिक्षा आमच्या वरच्या फाटकापर्यंतच येते. विमलाचा नवरा बाबू आणि शेजारचा एक जण म्हातारीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पऱ्याकडून वर आणतात. गच्चीवरून मी पाहिलं. खुर्ची डुलत होती, म्हातारीनं डोळे मिटले होते. आत कुठेतरी हललं. मॅडम म्हणतात तेच हे.

आजचे आभार: माझे गुडघे. माझ्या किडन्या, दोन्ही.

४ डिसेंबर.
काल रात्री सेशन. मॅडमनी गृहपाठ दिला: ज्यांच्या श्रमावर तुमचं घर चालतं त्यांना विचारा, त्यांना काय हवं.

विमलाला विचारलं. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, विहिरीकडचं दार मंगळवार-शुक्रवार उघडं ठेवा, आई सरळ वर येतील. मी सांगितलं की प्रश्न भावनेच्या पातळीवर आहे. तिला आतून काय हवं? ती म्हणाली, दार. मी तिसऱ्यांदा विचारलं. तिनं नळ जोरात सोडला.

या वर्गाचा हाच प्रॉब्लेम. कल्पना करायची सवय नाही. समोर कोणी न्याय घेऊन उभं राहिलं तरी हे दार मागणार.

तिच्यासाठी धन्यवाद-कार्ड तयार केलं. सोनेरी अक्षरं, वर मोराचं पीस, गावात जाऊन लॅमिनेट करून आणलं. ती वाचून म्हणाली, बरं. संध्याकाळी ते दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून दिसलं. लॅमिनेट आहे, धुता येतं. एका अर्थी तिनं ते रोजच्या जगण्यात आणलं.

मालिनीचं मत: तुम्ही तिला कार्ड नका देऊ, किल्ली द्या. मालिनीनं कोर्स करायला हवा.

९ डिसेंबर, मंगळवार.
आज मांडवीहून लवकर परतलो. (राजाभाऊच्या गटाशी बोललो तर समोरचे बघत होते, समोरच्यांशी बोललो तर राजाभाऊ. पूल असण्याचा त्रास हा की दोन्ही बाजूंनी वर पाय पडतात.)

बघतो तर विहिरीकडचं दार सताड उघडं. बाबू आणि तो शेजारी गोदूबाईची खुर्ची घेऊन माझ्या कलमांखालून वर येतायत, आणि पुढे मालिनी, फांद्या बाजूला करत. म्हणजे मी फिरायला गेलो की हे दर वेळी चालतं. किल्ली स्वयंपाकघरात, हळदीच्या डब्यामागे.

मी रागावलो नाही. दुखावलो. दाराचं काही नाही, पण लपवालपवी? नातं पारदर्शक हवं. हे मी मालिनीला समजावलं. ती म्हणाली की ठीक, मग तुमच्यासमोर उघडते. मुद्दाच समजत नाही.

दुपारी नवं कुलूप आणलं. किल्ली आता माझ्या जानव्याला. किती वर्षांनी जानवं घातलं. परंपरेशी पुन्हा नाळ जोडली गेली.

आजचे आभार: परंपरा. कुलूपवाला.

१२ डिसेंबर, शुक्रवार.
जे घडलं त्यात माझा काही संबंध नाही, पण नोंद असावी.

मोरीजवळ चिखलात खुर्चीचा पाय मोडला. म्हातारी पडली नाही, बाबूनं धरली. पण उचलून वर आणेपर्यंत वेळ गेला. तिथं मशीनवर दुसऱ्या पेशंटला घेतलं आणि हिला उद्या या म्हणाले. रात्रभर धाप लागली तर काय, असं विमला मालिनीला सांगत होती. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

संध्याकाळी बाबू वरच्या फाटकाशी आला. आत ये म्हटलं तर आला नाही. फाटकाला हात लावून उभा. म्हणाला, "भाऊ, दार हाय. किल्ली हाय. तुमी पन हाव. मंग अडलंय काय?"

प्रश्न चांगला होता, म्हणून मी सविस्तर उत्तर दिलं. मी आज दार उघडलं तर तुमची सोय होईल. पण सोय आणि न्याय एक नव्हे. तुमची सोय झाली की वाडीला रस्ता द्यायची मागणीच मरते. सरकार म्हणणार, भाऊंच्या बागेतून जातायत ना, बरं चाललंय. म्हणजे दार बंद ठेवून मी तुमचा लढा जिवंत ठेवतोय. शिवाय उद्या अख्खं हातखंबा गाव माझ्या बागेतून जायला लागला तर?

बाबू ऐकत होता. मग म्हणाला की तो तहसीलदाराकडे अर्ज करणार. मी त्याला नाकानं श्वास घ्यायला सांगितलं. त्यानं घेतला नाही. निघून गेला.

हेच ते विभाजन. साधं बोलायला गेलं की लोक अर्ज करतात.

१५ डिसेंबर.
कल्पना! अंघोळ करताना सुचली, अंगावर साबण तसाच ठेवून लिहून काढली.

कोर्सचं अंतिम काम म्हणजे 'समुदाय कृतज्ञता सोहळा'. व्हिडिओ पाठवायचा. इतर लोक काय करणार? मेणबत्त्या, गोल बसणं, एकमेकांचे हात. मी करणार राखण.

आपल्याकडे बागेचा राखणदार असतो, जागेवाला, त्याला वर्षातून एकदा नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे काय? भूमीविषयी कृतज्ञता. आपण हजार वर्षं करतोय, पुण्याच्या बाईनं आत्ता कोर्स काढला. वडील दरवर्षी राखण द्यायचे. त्यांच्यामागे मी बंद केली, कारण तेव्हा मी विवेकवादी होतो.

वाडीला बोलवायचं, मांडवीच्या दोन्ही गटांनाही. सगळे एका नारळासमोर. बाबूचा अर्जही त्यात विरघळेल.

१७ डिसेंबर.
गाऱ्हाणं घालायचा मान वाडीतल्या बाबल्याचा. सत्तरीच्या पुढचा असेल. लहानपणापासून मी त्याला बाबल्याच म्हणतो, आपुलकीनं. आज निरोप धाडला तर म्हणे दोनदा वळसा घालून यायला पाय चालत नाहीत, तुम्हीच या. गेलो. पऱ्याकडूनच जावं लागलं, कारण दारातून गेलो असतो तर चुकीचा संदेश गेला असता. बूट चिखलात.

बाबल्या म्हणाला, राखण तुम्ही बंद केलीत, आता देवाला कोंबडा लागणार, नुसत्या नारळावर भागायचं नाही. मी म्हटलं, आमच्या कंपाउंडात कोंबडा येणार नाही. तो म्हणाला, मग राखणदार काय बाहेर बसलाय? बराच वेळ चर्चा. शेवटी तोडगा: नारळ भिंतीच्या आत, माझ्याकडून. कोंबडा भिंतीच्या बाहेर, वाडीकडून. मालिनीला फक्त नारळाचं सांगितलं.

गाऱ्हाण्यात काय म्हणायचं त्याचे मुद्दे मी कागदावर काढून दिले होते: भूमी, पर्यावरण, बंधुभाव. बाबल्यानं कागद कानावर ठेवला. म्हणाला, "भाऊ, गाऱ्हाणं मी घालताव ना? मंग शबूद माझं."

अडाणी आत्मविश्वास. पण व्हिडिओत बरा दिसेल.

२१ डिसेंबर, रविवार. रात्री, जेवणानंतर.
न भूतो.

वाडी आली, सगळी. त्यांच्यासाठी विहिरीकडचं दार आज उघडलं, फक्त कार्यक्रमापुरतं. ते गेल्यावर परत कुलूप घातलं. मांडवीचे दोन्ही गट आले. आधी एक गट हापूसच्या खाली उभा, दुसरा पायरीच्या. मालिनीचं घावन-घाटलं आलं तसे दोन्ही गट एकाच टेबलाशी. विचारसरणीची खोली कळली.

कोंबड्याचं थोडं झालं. वाडीच्या पोरांनी तो आत आणला होता, तो भिंतीवरून पलीकडे द्यावा लागला. एका क्षणात गेला. विमला मालिनीला म्हणाली, कोंबड्याला वाट मिळाली. दोघी हसल्या. हास्यानं वातावरण मोकळं होतं.

मग गाऱ्हाणं. बाबल्या नारळाला हात लावून उभा राहिला आणि त्याचा आवाजच बदलला. तो एकेक वाक्य टाकतो आणि सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. मी ट्रायपॉडपाशी होतो. उन्हाचे कवडसे हलत होते, बॅटरी उतरत होती, त्यामुळे शब्द सगळे नीट ऐकले नाहीत. पण प्रतिसाद मी सगळ्यांत मोठा दिला. आतून येत होता. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून हेच म्हणायचो.

शेवटच्या वाक्यानंतर वाडीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, बाबूनं टोपी काढली, मालिनी माझ्याकडे बघत राहिली. इतकी हेलावलेली मी तिला पाहिली नव्हती.

व्हिडिओ तिथूनच तिन्हीकडे टाकला. कोर्स, आणि मांडवीचे दोन्ही ग्रुप. तपासत बसलो नाही. अस्सल गोष्टीला एडिटिंग लागत नाही.

आजचे आभार: मी.

२२ डिसेंबर, सोमवार.
सकाळी राजाभाऊचा फोन. हॅलोऐवजी, व्हय म्हाराजा. आणि हसत सुटला. म्हणाला, शाब्बास, एवढ्या माणसांत देवाला शब्द दिलास, आम्हाला वाटलं तू नुसता बोलतोस.

व्हिडिओ लावला. माईक माझ्या तोंडाशी होता, त्यामुळे माझा आवाज सभेसारखा. बाबल्याचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं:

"आनि तुझी जी वाट दाराला कुलूप घालून आडवली हाय, ती हा धनी आजपासून मोकळी करतोय, ती मान्य करून घे, रे म्हाराजा."

आणि मी: व्हय म्हाराजा.

पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

फसवणूक आहे. कागदावर हा मुद्दा नव्हताच. मालिनी म्हणाली की तुम्ही ऐकलं नाहीत यात बाबल्याकाकांचा काय दोष, ते काही कुजबुजले नव्हते. वकील त्यांची, हे मी आधीच लिहिलंय.

सकारात्मक बाजू: मांडवीच्या दोन्ही ग्रुपांवर आज एकच चर्चा. इकडचे तिकडचा जोक फॉरवर्ड करतायत, तिकडचे इकडचा. निवडणुकीनंतर प्रथमच दोन्ही गट एका मतावर आले. मत माझ्याविरुद्ध आहे, पण पूल बांधला गेला हे कुणाला नाकारता येणार नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार.
डायलिसिसचा दिवस. विमलानं सकाळी सरळ हात पुढे केला, किल्ली मागितली. मी तिला समजावलं की गाऱ्हाण्यातली वाट प्रतीकात्मक असते. मनाची वाट. ती मी मोकळी केलीय, त्याचा तिनं लाभ घ्यावा.

ती म्हणाली की आईला प्रतीकात बसवून नेता येत नाही, खुर्चीच लागते. आणि कामाला लागली. खुर्ची पऱ्याकडून गेली. नवी आहे, निळी.

आजचे आभार सुचले नाहीत. थंडी आहे.

३ जानेवारी.
मोहोर उत्तम. पण तुडतुडा दिसायला लागला. फवारणी आत्ताच झाली पाहिजे, नाहीतर मोहोर काळा पडून गळणार आणि पुढच्या वर्षीपर्यंत मी नुसती पानं बघणार.

फवारणीला दरवर्षी वाडीतलेच लोक. बाबूला निरोप. आला नाही. दुसऱ्याला. नाही. मला वाटलं बहिष्कार. जातीपातीचं राजकारण, अर्ज, मोर्चा, सगळी तयारी मनात केली. मालिनीनं विमलाला विचारलं तेव्हा कळलं, बहिष्कार वगैरे काही नाही. राग असता तर राग काढता आला असता. त्यांचं म्हणणं एवढंच की राखणदाराला शब्द दिलाय, तो पुरा होईतो त्या बागेत पाय टाकायचा नाही. कुणाला काही झालं तर?

एकविसावं शतक.

५ जानेवारी.
बागेतला नेपाळी रखवालदार आहेच. त्याला म्हटलं, तू कर फवारणी, तुझा इथल्या देवाशी काय संबंध. तो म्हणाला, साहेब, रात्री इथं मी एकटा झोपतो, तुम्ही नाही. आणि मोबाइलवर मला माझाच व्हिडिओ दाखवला. तिथंही पोचलाय.

त्यानं सामान वरच्या पडवीत हलवलं.

८ जानेवारी.
स्वतः करणार. श्रमप्रतिष्ठा. वडिलांनी कधी केलं नाही ते मी करून दाखवणार. पंप पाठीला, मास्क तोंडाला. मालिनीला व्हिडिओ काढायला सांगितलं. तिला पोळ्या होत्या.

८ जानेवारी, दुपारी.
पहिल्या कलमाचा अर्धा भाग झाला. पंपाचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. औषध पाठीवरून खाली, पार पायजम्यात. वारा अचानक फिरला, उरलेलं चष्म्यावर. मालिनीनं विहिरीवर उभं करून अंगावर बादल्या ओतल्या. किल्ली जानव्याला होती तिला गंज चढेल म्हणून मी काळजीत, ती म्हणाली गंज चढला तर बरंच, दार कायमचं बंद होईल आणि मीही वळसा घालून माहेरी जाईन.

कंबर धरलीय. आडवा पडून लिहितोय.

११ जानेवारी, रविवार.
मोहोर गळतोय. झाडाखाली उभं राहिलं की चिकट तुषार अंगावर. हापूसच्या दोन कलमांवर काळी बुरशी.

नाइलाजानं पुन्हा बाबल्याकडे. पऱ्याकडून, कंबर धरून. वाटेत दोनदा बसलो. त्याच मोरीवर बाबू गोदूबाईला उचलून नेतो, हे तिथं बसल्यावर ध्यानात आलं. मोरीला कठडा नाही. नगरपालिकेला, की ग्रामपंचायतीला, कुणालातरी लिहिलं पाहिजे.

बाबल्याला म्हटलं, गाऱ्हाण्यात दुरुस्ती करता येईल का? दुसरं गाऱ्हाणं घालू, थोडं मोघम. नारळ दोन ठेवू. बाबल्यानं मला बसायला पाट दिला, चहा दिला, कंबरेला लावायला तेल दिलं. मग म्हणाला, "तहसीलदाराकडचा बाबूचा अर्ज मागं घ्यायला सांगा, घेईल तो. ह्यो अर्ज वरचा हाय. तुमीच सही केलाव."

तेल चांगलं आहे. माणूस ब्लॅकमेलर आहे.

१५ जानेवारी.
सावनी मॅडमचा फोन! स्वतः!

राखणीचा व्हिडिओ त्यांना इतका आवडला की कोर्सच्या समारोपाला सगळ्या महाराष्ट्राला दाखवणार. बोली कळली नाही म्हणून त्यांनी कुणा कोकणातल्याकडून अर्थ लावून घेतला. म्हणाल्या, देवदत्तजी, आभार मानणारे खूप मिळतात, पण आभारातून वाट मोकळी करणारे तुम्हीच. कृतज्ञतेतून न्याय म्हणतात तो हा. आता फक्त वस्ती त्या वाटेनं जाताना दुसरा व्हिडिओ पाठवा, म्हणजे फॅसिलिटेटरच्या यादीत तुमचं नाव पहिलं.

लक्षात आलं. हे सगळं नियतीच करवून घेत होती. मी दार उघडायला नाही म्हणतच नव्हतो, योग्य वेळेची वाट बघत होतो. मालिनीला तसं सांगितलं. ती म्हणाली की मंगळवारी सकाळी उघडा, नंतर काय म्हणायचं ते म्हणा.

१९ जानेवारी, सोमवार.
तयारी पूर्ण. दाराला झेंडूचं तोरण. बाजूला पाटी: 'कृतज्ञता-वाट'. खाली माझं नाव, बारीक अक्षरात. दारासमोर उभं राहायची जागा खडूनं आखली, तिथून ऊन बरोबर तोंडावर येतं.

लोक आभार मानतील तेव्हा काय म्हणायचं त्याचा आरशासमोर सराव केला. पहिला प्रयत्न: "माझं काय त्यात." थोडं कोरडं. दुसरा: "आभार माझे नका मानू, मीच तुमचा आभारी." हा ठेवला. हात जोडायचे की खांद्यावर ठेवायचा हे प्रसंग बघून.

गोदूबाई म्हातारी आहे, कदाचित पाया पडायला वाकेल. तिला वेळीच धरायचं. आधी थोडं वाकू द्यायचं, म्हणजे फ्रेममध्ये येईल.

२० जानेवारी, मंगळवार.
पहाटेच उठलो. झब्बा. कुलूप काढलं, किल्ली मालिनीनं माझ्या हातातून घेतली आणि विमलाला दिली. परत मागायची राहिली.

दार उघडलं. ट्रायपॉड लावला. खडूच्या जागी उभा राहिलो.

बाबल्या आला. दारात नारळ फोडला, राखणदाराला हात जोडले, जे काय बोलायचं ते त्याच्याशी बोलला. माझ्याकडे वळला, मी हात जोडायला घेतले, तर खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवून वर निघून गेला, कलमांवरचा तुडतुडा बघत. मागोमाग वाडीतली माणसं. दप्तर घेतलेल्या पोरी. डबा घेतलेले दोघं, एमआयडीसीतल्या कंपनीची बस गाठायला. कुणी पाटी वाचली नाही. एकानं तोरणातलं फूल काढून कानात खोचलं. सगळे असे जात होते जसे कालही इथूनच गेले होते. राखणदाराचे आभार मानून झाले होते. माझे उरलेच नव्हते.

मी थांबलो. गोदूबाई यायची होती.

निळी खुर्ची दिसली. पुढे बाबू, मागे शेजारी, बाजूला विमला, हातात फाइल आणि पाण्याची बाटली. म्हातारीनं आज डोळे मिटले नव्हते. फांद्यांकडे मान वर करून बघत होती. वर रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. मी वाक्य मनात म्हणून घेतलं, घसा साफ केला, दोन्ही हात पुढे केले. खुर्ची माझ्यासमोर येऊन थांबली. मी हसलो.

विमला म्हणाली, "भाऊ, जरा बाजूला व्हा. खुर्ची अडतेय."

बाजूला झालो.